मुंबई किती लांब?

मुंबई किती लांब, असं कोल्हापुरात कुणालाही विचारा, उत्तरात किलोमीटर येणार नाहीत. ‘रात्री जेवून बसायचं, उजाडता दादर,’ असं सांगतील. आमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी मुंबई अशी एका रात्रीच्या मापानंच मोजली. दिवसा धावणाऱ्या कोयना एक्स्प्रेसनं कुणी जायचं ठरवलं, की घरातली वडीलधारी माणसं हळहळायची. ‘कशाला दिवस मोडतोस?’ म्हणायची. रात्र प्रवासासाठीच असते, असा सगळ्यांचा समज होता. मान अवघडायची, पाय सुजायचे, पण कामाचा दिवस वाचायचा, आणि रोजावर जगणाऱ्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

अलीकडे याच प्रश्नाला दुसरं उत्तर मिळू लागलंय. ‘तासाभराचं विमान आहे की!’ गाव तेच, मुंबई तीच, आणि मध्ये कुणासाठी एक रात्र, कुणासाठी एक तास. दोन्ही उत्तरं खरी आहेत. ती देणारी माणसं मात्र बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. या वेगळेपणाचा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर एक टाचणी आणि मुंबईच्या विमानतळावर दुसरी टाचणी टोचून मी दोन्हींमध्ये लाल धागा ताणून बांधलाय. कोल्हापूरहून मुंबई म्हणजे कराड, सातारा, पुणे, लोणावळा, हा क्रम आम्हाला पाढ्यासारखा पाठ. धागा यातल्या एकाही गावाला शिवत नाही. तो पन्हाळा डावीकडे ठेवून वारणा ओलांडतो. कोयनेचं धरणही त्याच्या डाव्या अंगाला, थोड्याच अंतरावर राहतं. पुढं महाबळेश्वर उजवीकडे सोडून तो प्रतापगडाला जवळजवळ घासून सह्याद्रीची कड उतरतो. रायगड उजव्या हाताला राहतो, मग पेण येतं, खाड्या येतात आणि मुंबई. पन्हाळा, प्रतापगड, रायगड हे तीन गड एका सरळ रेषेच्या इतके जवळ आहेत, हे धागा बांधेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पायी, घोड्यावरून किंवा मोटारीतून कुणी असं गेलेलं नाही, जाऊही शकणार नाही. ही वाट फक्त हवेत आहे.

धाग्याची लांबी भरते सुमारे ३१० किलोमीटर. महामार्गानं पुण्यावरून गेलं तर हेच अंतर ३८० किलोमीटरच्या घरात जातं. आणि रेल्वेनं ५१८ किलोमीटर. रेल्वेचा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अविश्वसनीय वाटतो. पण कोल्हापूर सोडलेली गाडी आधी पूर्वेला मिरजेकडे जाते. मुंबई वायव्येला, आणि सुरुवातीचे ४७-४८ किलोमीटर आपण तिच्यापासून लांबच चाललेलो असतो. मिरजेला उत्तरेचं वळण घेतलं की सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, कोरेगाव, लोणंद, नीरा, जेजुरी करत पुणे येतं. तिथून बोरघाट उतरून कर्जत, कल्याण. ३१० चे ५१८ कशामुळं झाले, तर या गावांमुळं. पहाटेच्या अंधारात कुठल्यातरी लहान स्टेशनावर पिशव्या घेऊन उतरणारी माणसं पाहिली, की ते जादाचे दोनशे किलोमीटर खर्ची पडले असं म्हणवत नाही. आपल्याला जो वळसा वाटतो, तो कुणाच्यातरी घराचा सरळ रस्ता असतो.

विमानाच्या तासाचं गणितही वाटतं तितकं सोपं नाही. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगानं उडणाऱ्या जेटला ३१० किलोमीटरसाठी खरं तर चोवीस मिनिटंही लागू नयेत. वेळापत्रकात मात्र साधारण एक तास असतो. विमानाची वेळ मोजतात ती चाकं जागची हलल्यापासून ती पुन्हा थांबेपर्यंत. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, चढणं, आणि पुरत्या उंचीवर जरा कुठं स्थिरावतंय तोच उतरणीला लागणं, यात पूर्ण वेग असा थोडाच वेळ मिळतो. मग मुंबईची गर्दी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. तिथली सगळी विमानं त्या एका पट्टीवर उतरायची आणि तिच्यावरूनच उडायची. आकाशात घिरट्या घालत पाळीची वाट पाहणं तिथं नेहमीचं आहे. शिवाय घरातून उजळाईवाडी, तिथं तास-दीड तास आधी पोहोचणं, तपासणी, आणि उतरल्यावर मुंबईच्या रस्त्यांवरची गर्दी. घराच्या उंबऱ्यापासून मुंबईतल्या उंबऱ्यापर्यंत चार-साडेचार तास सहज जातात. तरीही तो रात्रीच्या प्रवासाच्या निम्मा वेळ आहे आणि माणूस ताज्या अंगानं पोहोचतो. हे सुख लहान नाही.

पावसाळा संपता संपता मी या विमानानं गेलो, तो प्रवास मनात घर करून राहिलाय. उजळाईवाडीचा माळ सोडून विमान वर चढलं आणि खाली ऊसच ऊस पसरला. हिरव्या रंगाच्या इतक्या छटा जमिनीवरून कधी दिसत नाहीत. आडसाली उसाचा काळपट हिरवा, नव्या लागणीचा पोपटी, मध्येच भाताचे पिवळे पडत चाललेले तुकडे. पंचगंगा किती वळणं घेत गावाजवळ येते ते तेव्हा कळलं. रंकाळ्याचं पाणी एकदा चकाकलं, जोतिबाचा डोंगर खिडकीतून मागं सरकला. मग ढग आले. ढगांच्या फटीतून कोयना धरणाच्या शिवसागराचे लांबच लांब फाटे दिसले, डोंगरांच्या बेचक्यांतून शिरलेलं पाणी, काठाला एकही मोठं गाव नाही. आणि पुढं जमीन एकदम संपली. सह्याद्रीचा कडा वरून असा दिसतो, जणू भाकरी मोडावी तसा कुणी देश मोडून ठेवलाय. खाली कोकण, निळसर आणि खोल. शेजारच्या आसनावरच्या आजी पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या. मुलानं तिकीट काढून दिलं होतं. त्या सारख्या खिडकीकडे वाकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘एवढंच व्हय मधलं? आणि आमी जल्मभर रात्र-रात्र बसून जात हुतो.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं. मला मात्र तो प्रश्न लागून राहिला.

कोल्हापूर आणि लांबचं अंतर यांची गोष्ट जुनी आहे. १८७० साली करवीरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडच्या प्रवासाला गेले. सुएझचा कालवा आदल्या वर्षीच खुला झाला होता आणि युरोप पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आला होता. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. देह कोल्हापूरला आणणं शक्य नव्हतं. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीनं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथं आज त्यांची छत्री आहे, तिच्याखाली अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलालाही त्या ‘हिंदी’ राजाच्या आठवणीचं नाव आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला. पंचगंगेच्या घाटावर ज्याच्यासाठी जागा राखलेली होती, त्याला आर्नोच्या काठावर विसावावं लागलं. अंतर म्हणजे काय, हे कोल्हापूरला तेव्हा फार जवळून कळलं असणार.

मग रेल्वे आली. ३ मे १८८८ रोजी कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते पडली. त्यांना तेव्हा चौदावं वर्षही पुरं झालं नव्हतं, राज्यकारभार हाती यायला अजून अवकाश होता. १८९१ साली गाडी धावू लागली. पुढं १८९५ मध्ये त्यांनी स्टेशनालगत शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला बाहेरच्या बाजाराची वाट मिळाली. पण ही वाटही पुण्यापर्यंतच एकसंध होती. मिरजेकडची लाइन मीटर गेज, पुण्यापुढची ब्रॉड गेज. म्हणजे पुण्यात ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि झोपेतली पोरं उचलून दुसऱ्या गाडीत चढायचं. १९७१ च्या सुमाराला रूळ रुंद झाले, महालक्ष्मी एक्स्प्रेस सुरू झाली आणि कोल्हापूरचा माणूस एका जागी झोपून मुंबईत उतरू लागला. किलोमीटर तेच राहिले. पुण्याच्या फलाटावरची ती मध्यरात्रीची ओढाताण गेली, आणि घरच्या बायकांनी तेवढ्यानंच मुंबई जवळ आली असं मानलं.

विमानतळाची हकीकत याहून चढउतारांची. शाहू महाराजांचे पुत्र छत्रपती राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, कोल्हापूरला विमानतळ झाला. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचं विमान आणलं ते १९३२ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर जेमतेम सात वर्षांत एका मराठी संस्थानानं स्वतःची धावपट्टी बांधली होती. पुढं मात्र सेवा सुरू व्हायच्या, बंद पडायच्या. कित्येक वर्षं तर माळावर वारा आणि गवत एवढंच होतं. ‘उडान’ योजना आली तशी मुंबईची सेवा छोट्या विमानानं पुन्हा सुरू झाली, मध्ये खंडही पडले. २०१८ च्या अखेरीला हैदराबाद आणि बंगळूर जोडलं गेलं, पुढं तिरुपती आणि नागपूरही. २०२२ मध्ये रात्री विमान उतरवण्याची सोय झाली, आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. ज्या कोल्हापूरकरांनी या विमानतळासाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, दिल्लीच्या फेऱ्या केल्या, पाठपुरावा सोडला नाही, त्यांच्या चिकाटीचं हे फळ आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण धावपट्टी लांब करायची तर जमीन लागते. १३७० मीटरची जुनी पट्टी मोठ्या विमानांना पुरत नव्हती. त्यात हा माळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, मग पंखाला पुरेशी उचल मिळेपर्यंत विमानाला जास्त धावावं लागतं. म्हणून पट्टी २३०० मीटरपर्यंत नेण्याचं ठरलं. त्यासाठी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी लागल्या. तामगाव-नेर्लीकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता त्या विस्तारात आला. ज्यांचा रोजचा सायकलीचा, दुधाच्या किटल्यांचा, शाळेचा रस्ता होता, त्यांना वळसा घालावा लागला. शहराचं मुंबईशी अंतर कमी होत असताना माळाच्या पलीकडच्या गावांचं शहराशी अंतर वाढलं. विमानाच्या खिडकीतून ती गावं अगदी काही क्षण दिसतात. तेवढ्या क्षणांत तरी त्यांची आठवण ठेवणं हे आपलं देणं आहे, असं मला वाटतं. आणि त्यांचा पर्यायी रस्ता चांगला, रुंद, दिवाबत्तीचा असणं हे विमानतळाच्या कामाचाच भाग मानला गेला पाहिजे.

मुंबईला रोज रात्री जाणारी आणखी एक गोष्ट आहे, दूध. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळतात, पितळेच्या चरवीत फेस चढतो आणि धारोष्ण दुधाचा पेला सरळ ओठाला लागतो. तिथं अंतर असं उरतच नाही. आणि याच जिल्ह्यातल्या ‘गोकुळ’ या सहकारी संघाचं दूध वाडी-वस्तीवरच्या संस्थेतून शीतकरण केंद्रात, तिथून टँकरनं रातोरात वाशीला आणि पहाटे मुंबईकराच्या दारात पोहोचतं. राधानगरीच्या किंवा भुदरगडच्या एखाद्या बाईनं संध्याकाळी काढलेली धार परळच्या चाळीतल्या चहात पडते, तेव्हा मध्ये ३८० किलोमीटर येऊन गेले हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुधाला वेळेचं भान माणसापेक्षा जास्त. उशीर झाला तर ते नासतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि हा रस्ता काही दिवस पूर्ण बंद पडला. दूध गोठ्यात राहिलं, मुंबईत टंचाई झाली. पेट्रोल संपलं, भाजी संपली. ज्या रस्त्यानं मुंबई एका रात्रीवर होती, त्याच रस्त्यानं ती काही दिवस अगदीच नाहीशी झाली. बचावाची पथकं आली ती उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरून. विमानतळ श्रीमंतांचा, असं म्हणणाऱ्यांनीही त्या आठवड्यात आकाशाकडे डोळे लावले होते. पुरात वेढलेल्या गावाला एक कोरडी धावपट्टी किती मोलाची असते, ते कोल्हापूरनं तेव्हा अनुभवलं.

आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतली मुलं आज परदेशात आहेत. लंडन ते मुंबई सुमारे ७२०० किलोमीटर. येताना पश्चिमेकडून वाहणारे वरचे वारे पाठीशी असतात, त्यामुळं साधारण नऊ तासांत विमान मुंबईला टेकतं. तिथून कोल्हापूरच्या ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि वाशी, खंडाळा, खंबाटकी, कराड करत पुन्हा आठ-नऊ तास. सात हजार किलोमीटर आणि चारशेही न भरणारे किलोमीटर यांना वेळ सारखाच. आईला मात्र मुलगा मुंबईत उतरला की तो आलाच असं वाटतं. ती पुरणाची डाळ शिजायला टाकते, कितीदा तरी दाराशी येऊन रस्ता बघते, आणि तो अजून साताऱ्यालाही पोहोचलेला नसतो. चंदगड किंवा आजऱ्याच्या मुलाला तर कोल्हापूरच्या स्टँडवरून आणखी एसटी धरायची असते. जगाच्या नकाशावरचं लांबचं अंतर फार झपाट्यानं कमी झालं. घराजवळचं शेवटचं अंतर मात्र तसंच राहिलं, आणि दमलेल्या माणसाला तेच सगळ्यांत लांब वाटतं.

मला सगळ्यांत जास्त आठवतो तो माझ्या एका मामांचा प्रवास. कागल तालुक्यातली थोडी जमीन, भाऊबंदकीचा दावा, तो अपिलात हायकोर्टात गेला. दोरीच्या गाठीनं बांधलेली कापडी पिशवी, तिच्यात सातबारा, फेरफार, खालच्या कोर्टाच्या नकला. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मामा ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसायचे आणि रात्रभर तिच्यावरचा हात काढायचे नाहीत. सकाळी मुंबईत कुणाच्यातरी गाळ्यात अंघोळ उरकायची आणि दहाच्या आत फोर्टात हजर व्हायचं. कधी काम पुकारलं जायचं, कधी नाही. संध्याकाळी परतीची गाडी. आल्यावर मामी विचारायच्या, ‘काय झालं हो?’ मामा चपला काढत म्हणायचे, ‘पुढची तारीख पडली.’ भाडं, वकिलाची फी, बुडालेला रोज, दोन रात्रींचं जागरण हे सगळं अंतरातच मोजायला हवं. मामांसाठी मुंबई ३८० किलोमीटरवर नव्हती. एका औताच्या बैलाच्या किमतीइतकी ती लांब होती.

खरं म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं हायकोर्ट होतं. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि जो न्याय पायी जाण्याच्या अंतरावर होता तो एका रात्रीवर गेला. लोकशाहीसाठी विलीनीकरण हवंच होतं, त्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नाही. पण ते अंतर परत कमी व्हावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कामकाजावर बहिष्कार झाले. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे खटले आता इथं चालतात. मामा हा दिवस पाहायला राहिले नाहीत. त्या दिवशी समोरच्या सीपीआर रुग्णालयाजवळच्या गर्दीत उभा असताना मला त्यांच्या पिशवीची दोरी आठवत होती.

कोल्हापूर आणि मुंबई यांच्यातलं अंतर इतकं कमी कुठल्याच विमानानं केलेलं नाही. विमान तासाभरात नेतं, पण त्यासाठी तिकीट लागतं, आणि जावं तर लागतंच. बेंच आल्यामुळं हजारो माणसांचं जाणंच थांबलं. यापूर्वीही हे घडलंय. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या पोरांचं विद्यापीठ पुण्याहून सागरमाळावर आलं. त्याआधी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली, तेव्हा खेड्यातल्या मुलाचं शाळेशी अंतर कमी झालं. आणि शिक्षण घेतलेल्या मुलाचं नोकरीशी असलेलं अंतर तोडणारा राखीव जागांचा आदेश निघाला २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः साता समुद्रांपलीकडे इंग्लंडात असताना. कुठलं अंतर आधी मिटवायचं हे त्यांना तिथूनही स्पष्ट दिसत होतं.

आजही मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत क्ष-किरणांच्या मोठ्या पाकिटांसह बसलेली माणसं असतात. त्यांना परळला टाटा रुग्णालयात जायचं असतं. कुणाच्या डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल असतो, कुणाच्या पिशवीत घरच्या भाताचा डबा. त्यांच्यातल्या फार थोड्यांना विमानाचं तिकीट परवडतं, आणि गाडीच्या धक्क्यांचा त्रास सगळ्यांत जास्त त्यांनाच होतो. आणि कोकणातल्या आजाऱ्याला तर कोल्हापूर गाठणंही सोपं नाही. कोल्हापूरला कोकण रेल्वेवरच्या वैभववाडीशी जोडणारा १०७ किलोमीटरचा लोहमार्ग २०१६ पासून मंजूर आहे, पण त्यावरून गाडी अजून धावलेली नाही. नकाशावर अगदी लगत असलेलं कोकण आजही घाटाच्या वळणांनीच गाठावं लागतं.

म्हणून धावपट्टी २३०० मीटर व्हावी, मुंबईची विमानं रोज सकाळ-संध्याकाळ असावीत, तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात यावं, ही मागणी मी करत राहीन. ज्या आजी माझ्याशेजारी बसल्या होत्या, तशा आणखी पुष्कळ आजींना सह्याद्री वरून दिसावा असं मला वाटतं. पण बेंचसाठी ज्या निर्धारानं हे गाव चाळीस वर्षं लढलं, तोच निर्धार आता कर्करोगाच्या पूर्ण उपचारांसाठी इथं, सहा जिल्ह्यांच्या मध्यावर, लावायला हवा. ज्याला हौसेनं, कामासाठी, शिकायला मुंबई गाठायची आहे त्याच्यासाठी ती तासावर असावी. ज्याला दुखण्यापायी किंवा न्यायापायी नाइलाजानं जावं लागतं, त्याला घरीच झोपता यावं. गावाची प्रगती मोजताना हे दोन्ही आकडे आपण शेजारी शेजारी मांडले पाहिजेत, आणि दुसरा आकडा आधी वाचला पाहिजे.